बॅटरीला शिवलेलं झबलं

चैत्राचं रखरखीत ऊन. आभाळात बोटभर ढग नाही. गावातल्या आडांनी तळ दाखवलेला, टँकर चौथ्या दिवशी येणार म्हणून बाया घागरी रांगेत लावून घरी गेलेल्या. आणि इकडं मी दुकानात मांडी घालून एका इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीचे स्क्रू सोडले, झाकण उचललं, तर आतून पाणी निघालं. ओलावा नाही, घाम नाही, चांगलं घोटभर पाणी. माझ्या मांडीवर सांडलं.

मी तसाच बसून राहिलो. प्यायला पाणी नाही अशा गावात बॅटरीच्या पोटात पाणी कुठून आलं? पंचेचाळीस वर्षं मी नांदूरघाटला सायकलीचं दुकान चालवतोय. पुरात वाहून गेलेली सायकल मी तीन दिवसांनी चालती केलीय. गारांनी घंटीचं टोपण चेपलेलं पाहिलंय. पण असला प्रकार आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्या पाण्याचं मूळ शोधायला मला आठ किलोमीटर उन्हात जावं लागलं, आणि ते जिथं सापडलं ते ठिकाण मला स्वप्नातही सुचलं नसतं. ते पुढं येईल. आधी धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला त्यातली गोम कळायची नाही.

लोकांना वाटतं सायकलवाल्याला काय, घमेल्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा आला तिथं ठिगळ लावायचं. तोंडावर कुणी म्हणालं तर मी त्याच्या हातात पाना देतो आणि म्हणतो, बस, एक दिवस काढून दाखव. मला राग लवकर येतो, हे गावाला माहीत आहे. अहो, आमच्या धंद्यात निम्मं काम लोखंडाचं आणि निम्मं आभाळाचं. सकाळी दुकानापुढं किती सायकली उभ्या आहेत त्यावरून मी सांगतो, काल वावटळ कोणत्या शिवारात फिरली. वावटळ आली की बाभळीचे काटे रस्त्यावर येतात. त्या दिवशी शाळेतले गुरुजी, दूधवाले, पिठाच्या गिरणीचे कामगार, सगळे सायकल हातात धरून चालत येतात आणि माझ्याकडं असं बघतात की काटे मीच पेरून आलोय.

पावसाळ्यात काळ्या रानाची माती. ती मडगार्डात भरली की चाक जागचं हलत नाही. मग माणूस सायकलवर बसायचा तर सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. मृग लागला की मी गिऱ्हाइकांना मडगार्ड काढून ठेवायला लावतो. पाठीवर चिखलाची रांगोळी उठते, पण माणूस वेळेवर पोचतो.

आणि उन्हाळा. उन्हाळ्यात चाकात हवा थोडी कमी भरायची, कारण ती उन्हानं फुगते. हे मी गेली पंचेचाळीस वर्षं सांगतोय आणि पंचेचाळीस वर्षं लोक म्हणतायत, "टाइट भर रे अप्पा, पैसे देतो ना." एकदा बाजारच्या दिवशी पिंपळाखाली लावलेल्या सायकलींवरची सावली सरकली आणि लागोपाठ तीन ट्यूब फुटल्या. लोक गोळीबार झाला म्हणून भाजी टाकून पळाले. एक म्हातारा तर माझ्याच दुकानात शिरून बाकड्याखाली झोपला. तो उठेना तेव्हा मला धडकी भरली होती. मग कळलं, त्याला तिथं गार वाटत होतं.

तर असा आमचा धंदा. तीन वर्षांपूर्वी त्यात बॅटरीच्या सायकली आल्या. माझ्या वयाच्या मिस्त्रींनी हात वर केले, हे आपलं काम नाही म्हणाले. मी नाही केले. शहरात जाऊन तीन दिवस शिकून आलो. पोरांच्या वर्गात पांढऱ्या मिशीचा मी एकटा. शिकवणाऱ्यानं दोन गोष्टी बजावून सांगितल्या. बॅटरीला कडक ऊन सोसत नाही, आणि फार थंडीही सोसत नाही. तेवढं मी डोक्यात पक्कं धरलं आणि गावाला येऊन गिऱ्हाइकांना वाटायला सुरुवात केली. थंडीत म्हणायचो, बॅटरीला ऊब द्या. उन्हाळ्यात म्हणायचो, बॅटरी गार ठेवा. दोनच वाक्यं. दुसरं तर इतकं आवडलं की पेंटरकडून पिवळ्या रंगात फळीवर लिहून घेतलं आणि दुकानाच्या दारावर टांगलं. बॅटरी गार ठेवा. खाली माझं नाव.

पहिलं वाक्य कुठवर गेलं ते ऐका. आमच्याकडं एक दूधवाला आहे, पौषात पहाटे चार गावं फिरतो. एक दिवस त्याची बायको दुकानात आली, डोक्यावर पदर, डोळे लाल. म्हणाली, अप्पा, तुम्ही ह्यांना काय सांगितलंत? रोज रात्री बॅटरी घरात आणतात, गोधडीत घेऊन झोपतात, मला आणि लेकराला जागाच उरत नाही. मी पोट धरून हसलो. आठ दिवस येईल त्याला ती गोष्ट सांगितली. त्या दूधवाल्याची मी एवढी टर उडवली की त्यानं रस्ता बदलला.

त्याच वेळी मला शहाणपण यायला पाहिजे होतं. आमची माणसं मी म्हटलं ते करतात, अगदी शब्दाला धरून करतात, हे मला त्या गोधडीनं सांगितलं होतं. मी नुसता हसलो.

आता कमलबाई. ह्या माळावरच्या वस्तीच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करायच्या. राहायला आमच्या गल्लीत. वस्ती आठ किलोमीटर, शेवटचे दोन किलोमीटर सरळ चढ, एसटी जात नाही. पूर्वी चालत जायच्या, नाहीतर कुणाच्या टेम्पोत. मग गुडघे गेले. लेक पुण्याला असते, तिनं आईसाठी बॅटरीची सायकल पाठवली. बाईंचं वय बावन्न, आयुष्यात सायकलवर बसल्या नव्हत्या. मीच शिकवली, शाळेच्या मैदानावर, सकाळी माणसं उठायच्या आधी. पहिले चार दिवस त्या हँडल असं धरायच्या की बैल उधळलाय. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्याकडं न बघता मैदानाला एक फेरी मारली आणि थांबवता न आल्यामुळं आणखी सहा मारल्या. महिन्याभरात चढ चढायला लागल्या. त्यांचं बघून गावातल्या आणखी चार बायांनी तसल्या सायकली घेतल्या. एक अंगणवाडीत जाते, एक शिवणाच्या वर्गाला. मला त्याचा फार अभिमान होता.

उन्हाळ्यात शाळा सकाळची. साडेदहाला पोरांच्या ताटात खिचडी पडली पाहिजे, म्हणजे आठला चूल पेटली पाहिजे. त्या वस्तीवरची पुष्कळ पोरं सकाळी नुसता चहा पिऊन येतात. कमलबाई उशिरा पोचल्या की पोरं उपाशी, इतकं सरळ गणित. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या घरातली एक बाई त्या कामावर डोळा ठेवून होती. कमलबाई एकदा वाटेत सायकल बंद पडून उशिरा गेल्या, मग दुसऱ्यांदा. समितीनं बजावलं, तिसऱ्यांदा झालं तर दुसरी बाई बघू. घरात नवरा पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला, सगळा जिम्मा बाईंवर. एवढं सगळं त्या सायकलच्या बॅटरीवर टांगलं होतं, आणि बॅटरी माझ्यावर.

पहिल्यांदा त्या सायकल घेऊन आल्या तेव्हा बॅटरीच्या टोकांवर हिरवा काट चढला होता. मी विचारलं, पाण्यात घातली काय? बाई म्हणाल्या, नाही. मी विचारलं, पाइपनं धुतली? म्हणाल्या, प्यायला न्हाई, धुवायला कुठलं आणू अप्पा. मी घासून पुसून दिली, वर चार माणसांदेखत बोललो. म्हटलं, महागाची वस्तू आहे, जपता येत नसेल तर चालत जात जा. बाईंचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ते पाणी निघालं.

मी आधी कंपनीला शिव्या घातल्या. मग म्हटलं, लेकीनं जुनी सायकल रंग देऊन पाठवली असेल. मग म्हटलं, बाई खोटं बोलतात. सगळ्यांवर शंका घेऊन झाली, फक्त एक माणूस सोडून. शाळेला जोडून आलेल्या सुट्टीचे दोन दिवस बॅटरी सुकवली, जोडली, चालू झाली. पण मला चैन पडेना. शेवटी मी माझी स्वतःची बॅटरीची सायकल काढली आणि दुकान बंद करून सकाळी दहाला वस्तीच्या वाटेला लागलो. मी दुकान फक्त कपिलधारच्या यात्रेला बंद करतो, त्यामुळं शेजारच्या हॉटेलवाल्यानं कुणी वारलं का म्हणून विचारलं.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या सायकली सावलीत बसून दुरुस्त केल्या. एप्रिलच्या उन्हात तो चढ कधी चढलो नव्हतो. डांबर मऊ झालेलं, चाकाला चिकटून चर्र चर्र वाजत होतं. ब्रेकची मूठ धरवेना. समोरून झळा अशा येत होत्या की भट्टीचं दार कुणीतरी उघडं टाकलंय. चढाच्या मध्यावर माझ्या बॅटरीची रेघ बघता बघता दोन घरं खाली आली. बावन्न वर्षांची बाई रोज हे करते आणि वर जाऊन चूल पेटवते, हे मला तोपर्यंत नुसतं माहीत होतं. तिथं ते अंगाला लागलं.

साडेदहाच्या सुमाराला पोचलो. पोरं ओसरीत ताटं घेऊन बसली होती. ओसरीसमोर अंगणाच्या कडेला कडुलिंबाचं झाड, त्याच्या खाली बाईंची सायकल. आणि मी उभा राहिलो तो उभाच राहिलो.

बॅटरीला गोणपाट गुंडाळलेलं होतं. ओलं, ठिबकणारं. नुसतं गुंडाळलेलं नव्हे, बेतानं शिवलेलं, वरून घालून खाली नाडी बांधायची तसलं. शिलाई लाल सुतळीची, एक टाका आडवा, एक टाका तिरका. तो टाका जिल्ह्यात फक्त मी घालतो.

इथं थांबून एक सांगतो. आमच्याकडं उन्हाळ्यात ज्याला गार ठेवायचं त्याला ओलं गोणपाट घालतात. पाण्याचा कॅन असो, दुधाची किटली असो, रानातली घागर असो. त्याच्यात दुसरा अर्थच नाही. मी स्वतः दर चैत्रात गोणपाट कापून दाभणानं सायकलवाल्यांच्या पाण्याच्या बाटल्यांना अंगडी शिवतो. गावात त्यांना अप्पाची झबली म्हणतात. त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला कमलबाई दुकानात आल्या होत्या, दोरीला दोन गाठी मारून माप आणलं होतं, म्हणाल्या होत्या, एक मोठं झबलं शिवून द्या. मी मोठ्या कॅनला असेल म्हणून मापानं शिवून दिलं. अगदी फिट्ट बसलं म्हणून नंतर त्या सांगूनही गेल्या होत्या.

तेवढ्यात बाई चुलीपासून आल्या. हातात तांब्या. मला बघून त्यांना बरं वाटलं, दाखवायला काहीतरी आहे असं. त्यांनी तांब्या तिरका केला आणि हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडता, पाणी त्या गोणपाटावर सोडलं. मी बघत होतो. ते पाणी झिरपत झिरपत चार्जिंगच्या भोकाकडं चाललं होतं.

"बाई, हे काय करताय?"

"गार ठेवायलेय की. दर तासाला घालते. तुमीच तर सांगितलंत."

"पाणी कुठलं आणता?"

बाई जरा लाजल्या. "माझ्या वाटचं. मी परत गेल्यावर पिते. मला एवढी तहान न्हाई लागत."

टँकरच्या गावात, बेचाळीसच्या उन्हात, चुलीपुढं बसणारी बाई स्वतःच्या वाटचं पाणी बॅटरीला पाजत होती. माझ्या एका वाक्यासाठी. आणि त्या पाण्यानंच बॅटरी मरत होती, त्या मरणाबद्दल मी चार माणसांत त्यांना बोललो होतो. मी पुढं होऊन बॅटरीवर हात ठेवला. वरून गार, आणि गोणपाट सारून खाली बोट लावलं तर तव्यासारखी तापलेली. पोट फुगलेलं. आतून बारीक आवाज येत होता, तेलात ओली मिरची पडल्यासारखा.

ह्याच्या पुढचं सगळं एका मिनिटात झालं. मी ओरडलो, पोरांना आत घ्या. गुरुजींनी पोरं ताटांसकट वर्गात ढकलली. मी चावी फिरवून बॅटरी उपसली, गोणपाटानंच धरली, आणि बांधकामासाठी पडलेल्या वाळूच्या ढिगावर फेकली. ती पडली आणि फुस्स करून पांढरा धूर निघाला. मग पिवळा. मग एक जाळ, माणसाच्या उंचीचा. बाई आणि मी पाट्यांनी वाळू टाकत राहिलो. अर्धा तास ती वाळूखाली धुमसत होती. लिंबापासून पोरांची पंगत वीस पावलांवर होती. ती वीस पावलं मी अजून मोजतो.

धूर संपला तेव्हा बाई म्हणाल्या, "ऊन लई हाय न्हाई का अप्पा, कितीबी गार केलं तरी." त्यांना अजून कळलंच नव्हतं. तिथं झाडाखाली बसून मी त्यांना सांगितलं की पाण्यानं झालं. गार ठेवा म्हणजे सावलीत लावा, आल्या आल्या चार्ज करू नका, चढाला मोटार जास्त ओढू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तसं कावून न्हाई सांगितलं?"

मी उठलो आणि त्या ढिगावर आणखी एक पाटी वाळू टाकली.

दुसऱ्या दिवशी बाई चालत गेल्या, गुडघ्यांनी साथ दिली नाही, चूल साडेनऊला पेटली. तिसरा उशीर झाला. त्याच आठवड्यात समिती बसली. मला जाणकार म्हणून बोलावलं होतं. वर्गात बाकं ओढून सात-आठ माणसं, अध्यक्ष खुर्चीवर, गुरुजी वही घेऊन. कमलबाई दाराशी उभ्या. अध्यक्षांनी मला विचारलं, बॅटरी कशानं पेटली? मी म्हणालो, पाणी गेल्यानं. ते खरंच होतं. मग ते बाईंकडं वळले.

"बॅटरीला पाणी घालायचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मी तोंड उघडायचं होतं. पंचेचाळीस वर्षं ज्या तोंडानं मी गावाला शिकवतोय ते तोंड उघडलं नाही. उद्या कुणी माझ्याकडं बॅटरीची सायकल आणणार नाही, तो दूधवाला पारावर बसून हसेल, असले विचार त्या एका क्षणात येऊन गेले. मी टोपी काढली आणि तिची घडी नीट करत बसलो.

"कोण सांगंल?" बाई म्हणाल्या. "माझ्याच डोक्यातनं केलं."

गुरुजींनी वहीत लिहून घेतलं. बाईंच्या निष्काळजीपणामुळे, असं काहीतरी. काम गेलं. पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या बाईनं चूल पेटवली.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. मला वाटलं त्या शिव्या देतील, आणि त्यांनी द्याव्यात असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "तुमचं नाव सांगितलं असतं तर त्या चार बायांच्या घरच्यांनी त्यांच्या सायकली बंद केल्या असत्या. त्या तुमच्या भरवशावर चालवतात अप्पा." आणि पदर डोक्यावर घेऊन उन्हात चालायला लागल्या. मी रस्त्याच्या मधोमध उभा. मागून आलेल्या ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झालो.

त्या दिवशी मी ती पिवळी फळी उतरवली. तेव्हापासून गिऱ्हाइकाला समोर बसवून पाच मिनिटं सांगतो, परत त्याच्याकडून म्हणून घेतो. पण त्यातही चलाखी केली. म्हणायचो, काही अडाणी लोक बॅटरीला ओलं गोणपाट घालतात, तसलं करू नका. काही अडाणी लोक. ते लोक कोण, हे वर्षभर सांगितलं नाही. बाईंना माझी सायकल घेऊन गेलो तर त्यांनी दारातूनच परत पाठवली, आता कुठं जायचंय म्हणाल्या. त्यांची सायकल घराच्या भिंतीला टेकून आहे, बॅटरीच्या जागी भोक, हँडलवर वाळवणाची फडकी.

एवढं मी सहन केलं असतं, आपण मुरलेले आहोत. पण यंदा वैशाखात एका लग्नाला उमापूरला गेलतो. आमच्या गावापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. लग्न लागायला वेळ होता म्हणून चौकातल्या हॉटेलापुढं चहा घेत बसलो. समोर एक बॅटरीची सायकल लावलेली. बॅटरीला ओलं गोणपाट.

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. मला वाटलं उन्हानं भ्रम झाला. उठून जवळ गेलो. शिलाई माझी नव्हती, काळ्या दोऱ्याची, पण बेत तोच, वरून घालून खाली नाडी. मालक तिथंच बाकावर होता, तीस-पस्तिशीचा, खत-बियाणांच्या दुकानात कामाला. मी विचारलं, हे कुणी सांगितलं?

"नांदूरघाटला एक अप्पा हायेत," तो म्हणाला. "लई जाणकार माणूस. आमची कमलआत्या तिथंच असती, तिनं पाडव्याला आल्यावर सांगितलं. गेल्या वर्षाचं."

"आत्याची बॅटरी पेटली ना?"

"पेटली की. तिनं फोन करून सांगितलं, तू ते काढून टाक म्हणून." तो हसला. "पर आत्याचं काय घिऊन बसलात. समितीपुढं तिनंच कबूल केलं, माझ्या डोक्यातनं केलं म्हणून. तिनं चुकीचं बांधलं असंल. अप्पाचं सांगणं कसं चुकंल?"

माणसाला विजेचा धक्का बसतो म्हणतात, तो मला धंद्यात कितीदा बसलाय, पण हा निराळा होता. माझी चूक झाकायला बाईंनी आपला शब्द खर्ची घातला, म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. भाचा त्यांचं ऐकत नव्हता. आणि माझा खोटा शब्द अजून खरा होता, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भर उन्हात, तो दोन पायांमध्ये घेऊन हा माणूस रोज कामाला जात होता. मी गोणपाटाची नाडी सोडायला हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं.

"ओ पाव्हणं, हात लावू नका."

"मीच तो अप्पा," मी म्हणालो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लग्नाचा फेटा, मळकी चप्पल. त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्याचा अप्पा माझ्यापेक्षा उंच असणार हे मला दिसत होतं. हॉटेलातली दहा-बारा माणसं आमच्याकडं बघायला लागली. शेवटी त्यानं फोन काढून आत्याला लावला, म्हणाला, एक म्हातारा मी अप्पा हाय म्हणतोय, आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "बाई, तुमच्या भाच्याला सांगा, अप्पाचं चुकलं होतं. माझं ऐकत नाही तो."

पलीकडं भांड्यांचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "मी सांगून काय उपेग न्हाई अप्पा. मी येकदा सांगून बघितलंय. तुमच्या तोंडानं सांगा."

फोन कानाला तसाच ठेवून, म्हणजे त्यांनाही ऐकू जाईल असा, मी त्या दहा-बारा माणसांदेखत सांगितलं. गार ठेवा असं मीच म्हणालो होतो. कसं ते सांगितलं नव्हतं. पाणी माझ्यामुळं गेलं, बॅटरी माझ्यामुळं पेटली, आणि समितीपुढं मी गप्प बसलो. भाच्यानं ऐकलं, खाली बसून नाडी सोडली. गोणपाट निघालं तेव्हा चार्जिंगच्या भोकात पाणी चमकत होतं. ते बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असेल.

फोन मी परत कानाला नीट लावला तेव्हा तो बंद झालेला होता.

हा दिवाळी अंक नांदूरघाटच्या वाचनालयात येतो, आणि माळावरच्या शाळेतही दिवाळीनंतर एक प्रत जाते. संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागतो. समितीच्या अध्यक्षांना आणि गुरुजींना हात जोडून विनंती आहे, ती वही काढा. कमलबाईंनी बॅटरीला पाणी घातलं ते मी सांगितलं म्हणून. ते झबलंही मीच शिवलं, त्यांनी आणलेल्या दोरीच्या मापानं, लाल सुतळीनं. तसं वहीत लिहून घ्या आणि खाली माझी सही घ्यायला बोलवा. मी चालत येईन.